कूळ : बाप्तिस्म्याच्या वहींतलें व जमिनीच्या दप्तरांतलें



महोत्सवाच्या या पुस्तिकेसाठीं आपल्या भागांतील जुन्या घराण्यांविषयीं कांहीं लिहावें, असें संपादक मंडळींनीं सांगितलें, तेव्हां प्रस्तुत लेखकास प्रथम संकोच वाटला. वंशावळी लिहितात त्या राजेरजवाड्यांच्या. भातखाचरांत राबणाऱ्यांच्या व बैलगाडी हांकणाऱ्यांच्या वंशावळी कोण लिहितो? परंतु थोडा विचार करतां असें दिसून आलें कीं, आपल्याविषयीं लिहून ठेवणारे दोन कारकून पुष्कळ पिढ्यांपासून आपल्या दारांशीं बसलेले आहेत. एक चर्चच्या पडवींत व दुसरा गांवच्या चावडीवर. पहिल्यानें आपला जन्म, विवाह व मृत्यु लिहिला. दुसऱ्यानें आपली जमीन व तिचा सारा लिहिला. या दोघांची आपापसांत ओळख नव्हती. ती ओळख करून देणें एवढेंच या लेखाचें काम.

मराठींत कूळ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी. साकी, मोहिली, मरोळ या गांवांतील आपले पूर्वज या दोन्हीं अर्थांनीं कुळें होते. त्यांचा पहिला अर्थ पाद्रीसाहेबांच्या वहींत सांपडतो, दुसरा तलाठ्याच्या. एकच वही घेऊन बसणारा मनुष्य हमखास वाट चुकतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. शुभवर्तमानांतील शिरगणतीची गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. योसेफास नांव नोंदविण्यासाठीं नाझरेथ सोडून बेथलेहेमास जावें लागलें, कारण त्याचें कूळ त्या गांवचें होतें. नांवाची नोंद व मूळ गांव यांची सांगड इतकी जुनी आहे.

आतां आपलें गांव पाहूं. आज साकीनाक्यावर उभें राहिलें असतां डोक्यावरून मेट्रो जाते. ती ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. खालीं अंधेरी-कुर्ला रस्ता, पवईकडे जाणारा साकी-विहार रस्ता, घाटकोपरकडे जाणारा रस्ता, आणि चोहोंकडून आलेलीं माणसें. या गर्दींत शेत कोठें होतें हें सांगितल्यास नवीन पिढीस खरें वाटत नाहीं. पण नाक्याच्या नांवांत जें साकी आहे तें एक गांव आहे, व महसुली दप्तरांत तें नांव अद्याप चालतें. त्याच्या शेजारीं मोहिली, मरोळ, असल्फा, तुंगवा, चांदिवली, पासपोली. मिळकतीचा कागद काढावयास गेलें कीं आजहि याच नांवांनीं विचारणा होते. इमारतींचीं नांवें दर दहा वर्षांनीं बदलतात, गांवाचें नांव बदलत नाहीं.

हीं गांवें इंग्रजी अमलांत मोठ्या मालकांच्या हातीं गेलीं, हें शोध करणाऱ्यानें आरंभींच ध्यानांत ठेवावें. १८०८ सालीं मुंबईचे होरमसजी बमनजी वाडिया यांस अपोलो बंदराजवळील जागेच्या मोबदल्यांत कुर्ला व त्यासह मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फा व परजापूर हीं गांवें देण्यांत आलीं. पलीकडची पवईची इस्टेट १७९९ मध्यें डॉक्टर हेलेनस स्कॉट यांजकडे होती. पुढें १८२९ सालीं ती फ्रामजी कावसजी बनाजी यांस मिळाली, व त्यांनीं तेथें ऊस, तुती, नीळ व आंबे यांची लागवड केली. साकी गांव या पवईच्या बाजूचें, मोहिली वाडियांच्या बाजूचें. म्हणजे आज ज्यास आपण एक साकीनाका म्हणतों, तो दोन इस्टेटींच्या शिवेवर वसलेला आहे. एका पाड्यांतलें कूळ एका मालकास खंड देई, व ओढ्यापलीकडचा त्याचाच मावसभाऊ दुसऱ्यास. अशा गांवांतील कुळांची पिढीवार नोंद सरकारी दप्तरांतच सांपडेल असें धरून चालूं नये. खंड जेथें भरला जाई तेथल्या वह्यांत व पावत्यांत ती असावयाची. साष्टींतील अशा इस्टेटींची सारामाफी १९५१ च्या कायद्यानें संपुष्टांत आली. ज्या घरांत खंडाच्या जुन्या पावत्या पेटीच्या तळाशीं पडल्या असतील त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत, ही पहिली विनंति येथेंच करून ठेवतों.

आतां चर्चच्या वहीकडे वळूं. आपला धर्मग्राम वयानें लहान आहे. साकी-मोहिलीच्या जुन्या लोकांचे संस्कार शोधावयाचे तर मरोळ, कुर्ला अशा जुन्या धर्मग्रामांकडेच जावें लागतें. त्यांतही मरोळची कथा मोठी आहे. कोंदिविटे येथें येशुसंघाच्या पाद्र्यांनीं १५७९ मध्यें संत योहान बाप्तिस्ता याचें चर्च बांधिलें. १५८८ सालीं त्याच संताच्या सणाच्या दिवशीं फादर मानुएल गोमिश यांनीं तेथें मिस्सा केला व त्या दिवशीं पुष्कळ लोकांचा बाप्तिस्मा झाला, असें सांगतात. १८४० च्या सुमारास गांवांत सांथ आली, लोक गांव सोडून मरोळास गेले, व जुनें चर्च ओस पडलें. मूर्ती, खांब, बाप्तिस्म्याचें कुंड हीं मरोळच्या नव्या चर्चांत नेण्यांत आलीं. जुन्या भिंती आज सीप्झच्या कुंपणाच्या आंत आहेत. वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, तेथें मिस्सा होतो व एरवीं पहारेकऱ्यास विचारल्याशिवाय तेथें पाऊल टाकतां येत नाहीं. कोंदिविट्याचें कूळ मरोळच्या वहींत दिसलें, तर तें नवीन आलेलें नव्हे, दगड व देव घेऊन सरकलेलें आहे, हें समजावें.

वह्या ठेवण्याचा नियम आपल्याकडे आला तो त्रेंतच्या सभेमुळें. त्या सभेनें ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं विवाहाची नोंद ठेवण्याची आज्ञा केली, व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें लिहून घेण्यास सांगितलें. धर्मपित्याचें नातें हेंही विवाहास आड येणारें नातें मानीत; म्हणून तें लिहून ठेवणें भाग होतें. पुढें १६१४ च्या रोमी विधिग्रंथांत बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, कुटुंबें व मृत्यु अशा पांच वह्या सांगितल्या आहेत. कारण धर्मशास्त्राचें होतें, लाभ मात्र आपल्यास वंशशोधाचा झाला. नांवावरून जें कळत नाहीं तें धर्मपित्यावरून कळतें.

हें कसें, तें जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण आपले बहुतेक तरुण आडनांवाच्या मागें धांवतात व फसतात. परैर, डिसोजा, डिमेलो, गोन्साल्विस, रॉड्रिग्ज, मिरांडा हीं आडनांवें आपल्या पूर्वजांनीं वडिलांकडून घेतलेलीं नव्हेत. बाप्तिस्म्याच्या वेळीं जो पोर्तुगीज गृहस्थ धर्मपिता उभा राहिला, किंवा ज्या पाद्र्यानें संस्कार केला, त्याचें आडनांव कुटुंबास लागलें. एकाच घरांतील माणसें वेगवेगळ्या धर्मपित्यांमुळें वेगवेगळ्या आडनांवांचीं होत, आणि उलट, एकमेकांशीं रक्ताचा कांहींही संबंध नसलेलीं पन्नास घरें एकाच आडनांवाचीं होत. आयर्लंडांतील आपल्या धर्मबंधूंची गोष्ट वेगळी. त्यांच्या आडनांवांतील 'मॅक' म्हणजे पुत्र व 'ओ' म्हणजे नातू; तें आडनांव हीच एक लहानशी वंशावळ आहे. आपलें आडनांव ही वंशावळ नव्हे, ती एका दिवसाची आठवण आहे.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगून टाकतों. आपल्या आडनांवावरून आपण पोर्तुगीज रक्ताचे आहों असें समजणारे गृहस्थ आजही भेटतात, व ते वंशशोधास निघतात तेव्हां त्यांची नजर लिस्बनकडे लागलेली असते. वह्या त्यांची निराशा करितात. वह्यांतून मागें मागें जातां सांपडतात ते येथलेच कोळी, भंडारी, कुणबी. आपली बोली, लग्नांतील उंबराचें पाणी, लुगडें नेसण्याची रीत हीं कांहीं लिस्बनहून गलबतांतून आलीं नाहींत. आपल्या लोकांना एके काळीं बाँबे पोर्तुगीज म्हणत. तें नांव टाकून ईस्ट इंडियन हें नांव घेतलें गेलें, व २६ मे १८८७ रोजीं बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. तेंही राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्याच वर्षीं. नांवें घेतां येतात व टाकतां येतात, शेत व शेजार तसे टाकतां येत नाहींत.

म्हणून वही वाचावी ती अशी. आधीं गांव पाहावा, मग पाडा, मग आईबाप, मग धर्मपिता व धर्ममाता. समजा, एकाच गांवांत मनवेल परैर नांवाचे तीन इसम आहेत. तिघांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यास कोण उभे राहिले हें ओळीनें लिहून काढावें. एकाच्या घरीं दर वेळीं त्याच चुलत्यामामांचा गोतावळा दिसतो, दुसऱ्याच्या घरीं दुसरा. दहा-बारा नोंदी झाल्या कीं तीन मनवेल तीन वेगळ्या वाटांनीं चालूं लागतात. हें काम कंटाळवाणें आहे. चष्मा, शिसपेन्सिल, कोरा कागद व दोन रविवारच्या दुपारी इतकें भांडवल पुरें; पण पेन घेऊन जाऊं नये, कारण शाईचा एक थेंब दोनशें वर्षांच्या पानावर पडला तर तो पुसतां येत नाहीं.

भाषेचा अडथळा येतो तो तिहेरी. जुन्या वह्या पोर्तुगीजमध्यें, कोठें लॅटिनमध्यें, अलीकडच्या इंग्रजींत. पोर्तुगीज लिहिणारे आडनांवें तोडून लिहीत. 'रोइज' दिसलें तर तें रॉड्रिग्ज समजावें, 'फ्रज' दिसलें तर फर्नांडिस. 'पाद्रिन्यू' म्हणजे धर्मपिता, 'माद्रिन्या' म्हणजे धर्ममाता. हे शब्द व बारा महिन्यांचीं नांवें पाठ केलीं कीं अर्धी वही उलगडते. त्याच माणसाचें नांव चावडीवर मात्र मोडींत आहे, आणि मोडी लिहिणाऱ्यानें कानाला ऐकूं आलें तसें लिहिलें आहे. पाद्र्यानें ज्यास जुआंव लिहिलें तो तेथें जुवांव्या होतो, जुझे तो झुज्या, दोमिंगुश तो डुमिंग. आडनांव बहुधा नसतेंच. त्याऐवजीं बापाचें नांव, किंवा घरास पडलेलें टोपणनांव. आपल्या आज्या अमक्या आडनांवाची माणसें असें म्हणत नसत, अमक्याच्या विहिरीकडचे, तमक्या चिंचेखालचे असें म्हणत. आयर्लंडच्या नैऋत्येकडील कॉर्क प्रांतांतही एकाच आडनांवाचीं घरें फार झाल्यामुळें दर शाखेस टोपणनांव लावण्याची चाल पडली. गरज सारखी, तोडगा सारखा.

वह्या कोठें आहेत, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. साष्टींतील बहुतेक चर्चें दीर्घ काळ पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या धर्माश्रयाखालीं होतीं व गोव्याच्या महागुरूंकडे पाहत. मुंबईंतील दुसरीं कांहीं थेट रोमकडून नेमलेल्या अधिकाऱ्यांखालीं. १८८६ च्या करारानें दमणचा धर्मप्रांत झाला व साष्टींतील पाद्रोआदोचीं चर्चें त्यांत गेलीं. १९२८ च्या करारानें ही दुहेरी सत्ता संपली व तीं मुंबईच्या महाधर्मप्रांतांत आलीं. मूळ वह्या धर्मग्रामांतच राहावयाच्या, पण वरिष्ठांशीं झालेला पत्रव्यवहार व परवानग्या यांचा माग मुंबईइतकाच गोव्यांतही काढावा लागतो. गोव्याचें दप्तरखानें फार जुनें आहे. १५९५ सालीं तें स्थापन झालें व इतिहासकार दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रक्षक होता.

आणि ज्या वह्या मुळींच नाहींत त्यांचें काय? १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली, मे १७३९ मध्यें वसई पडली. पोर्तुगीज पाद्री निघून गेले, कांहीं चर्चें उध्वस्त झालीं, उरलेल्यांत देशी पाद्र्यांनीं संस्कार चालू ठेवले. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें व साष्टी घेतली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम झाली. या उलथापालथींत, आणि त्यानंतर वाळवी, पाऊस व आपलेंच दुर्लक्ष यांत, पुष्कळ पानें गेलीं. सामान्य घराण्यास वहीच्या आधारानें सात-आठ पिढ्या मागें जातां आलें तर त्यानें देवाचे आभार मानावे. त्यापलीकडे आपली एकट्याची वंशावळ संपते व गांवाची सुरू होते. पोर्तुगीज काळच्या जमिनीचा मोठा कागद म्हणजे सिमांव बोतेल्यु यानें १५५४ सालीं केलेली नोंदवही. ती १८६८ मध्यें लिस्बन येथें छापली गेली. तींत गांवें आहेत, त्यांचें उत्पन्न आहे, व ज्यांस तीं दिलीं त्यांचीं नांवें आहेत. नांगर धरणाऱ्याचें नांव शोधावयास गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. मराठी अमलाच्या सदतीस वर्षांसाठीं पुण्याचें पेशवे दप्तर आहे. तेथेंही आधीं गांव येतें व माणूस क्वचित.

आयर्लंडची याहून मोठी हानि झाली होती, व तरीही ते लोक हरले नाहींत, म्हणून त्यांची हकीकत येथें थोडी देतों. ३० जून १९२२ रोजीं डब्लिन शहरांत यादवी युद्धाच्या धुमश्चक्रींत फोर कोर्ट्स येथील सार्वजनिक दप्तरखानें जळालें. शतकांचे कागद राख होऊन शहरावर उडाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या शिरगणत्या जवळजवळ सर्व गेल्या, व प्रॉटेस्टंट चर्चच्या पुष्कळ वह्या सुरक्षित राहाव्या म्हणून तेथें आणून ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. कॅथॉलिक वह्या वांचल्या, कारण त्या खेड्याखेड्यांतील पाद्र्यांच्या कपाटांतच होत्या. दुसरी गोष्ट, १८४७ पासून १८६४ पर्यंत त्या देशांत सर्व जमिनींची मोजणी व आकारणी झाली होती, व तिची यादी छापलेली होती. तिला आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यावरून ग्रिफिथची आकारणी म्हणतात. तींत दर खेड्यांतील मालक कोण, कसणारा कोण व क्षेत्र किती, हें दिलेलें आहे. बटाट्याच्या दुष्काळानंतर अमेरिकेस गेलेल्यांचे नातू-पणतू आज परत येतात तेव्हां ते हीच दोन पुस्तकें मांडीवर घेतात, पाद्र्याची वही व आकारणीची यादी. २०१५ मध्यें आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जुन्या कॅथॉलिक वह्यांचीं छायाचित्रें सर्वांस विनामूल्य पाहावयास खुलीं केलीं. पणतू मोठ्या शहरांतून येतो आणि शेवटीं एका लहानशा खेड्यांत, एका कुंपणापाशीं उभा राहतो. ग्रिफिथच्या यादींत कुंपणाचाही क्रमांक असतो.

आपल्याकडे कुंपणाचा क्रमांक म्हणजे सर्व्हे नंबर व हिस्सा. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा. १९१३ मध्यें ती व्यवस्था जमीन महसूल कायद्यांतच घालण्यांत आली. तेव्हांपासून जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आला व कसा आला, हें फेरफाराच्या वहींत लिहूं लागले. लोक सात-बाराचा उतारा तेवढा घेतात व घरीं जातात. खरी वंशावळ फेरफारांत आहे. सात-बारावर नांवाच्या भोवतीं जे लहान आंकडे वर्तुळांत दिसतात ते फेरफाराचे क्रमांक. एकेक क्रमांक मागून घेतला कीं अमका मयत, त्याचे वारस अमुक, वय अमुक, असें वाचावयास मिळतें, व त्यांतून मागच्या फेरफाराचा क्रमांक कळतो. असें पायरीपायरीनें उतरत जातां येतें. जेथें शेतें जाऊन वस्ती झाली तेथें नगर भूमापनाचें मालमत्ता पत्रक आहे. पण त्यावरूनही जुना सर्व्हे नंबर विचारून परत शेतापर्यंत पोहोंचावें. क्षेत्र पूर्वीं एकर व गुंठ्यांत लिहीत, चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचेही सोळा आणे. भातजमीन कोणती, वरकस कोणती, खार कोणती हेंही कळतें, आणि पणजोबा खाऊनपिऊन सुखी होते कीं नव्हते याचा अंदाज त्यावरून बांधतां येतो.

मृत्यूचे दाखले या दोन वह्यांना जोडणारा खिळा आहेत. फेरफारांत मयताची तारीख असते. तीच तारीख चर्चच्या मृत्युवहींत सांपडली कीं दोन माणसें एकच हें सिद्ध होतें. १८९६ नंतरच्या प्लेगाच्या वर्षांत हीं पानें भरभर भरलीं. त्या दिवसांत लोकांनीं गांवोगांवीं क्रूस उभारले. कांहींवर साल कोरलेलें आहे, कांहींवर उभारणाऱ्याचें नांव. रस्ता रुंद करतांना असा क्रूस हलवावा लागला, तर त्यावरील अक्षरें आधीं उतरून घ्यावीं.

आतां जी गोष्ट सांगावयाची तिच्यासाठींच वस्तुतः हा लेख लिहावयास घेतला. ती आमच्याच घरची आहे.

दर वर्षीं नोव्हेंबरांत, मृतांच्या दिवशीं, आमची आजी घरच्या मृतांचीं नांवें घेऊन जपमाळ म्हणत असे. त्यांत एका स्त्रीचें नांव येई. ती कोण, असें विचारलें तर आजी म्हणे, तुझ्या आजोबांकडची. याहून जास्त ती सांगत नसे, व आम्हीही मुलें असल्यामुळें पुढें विचारलें नाहीं. आजी गेली, नांव राहिलें. घरांत असें सांगत कीं आजोबा व त्यांचे एक धाकटे भाऊ, अशीं दोनच भावंडें. पणजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार काढून पाहिला. तेथेंही वारस दोन मुलगे, दुसरें कोणी नाहीं. कागद व घरची समजूत यांचा मेळ बसल्यामुळें आमचें समाधान झालें होतें.

पुढें केव्हां तरी, धर्मगुरूंची परवानगी घेऊन, आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधीत बसलों असतां त्याच आईबापांची आणखी एक नोंद दिसली. मुलगी. नांव तेंच, जें आजी नोव्हेंबरांत घेत असे. आजोबांची थोरली बहीण. नोंदीच्या बाजूस समासांत दुसऱ्या हाताची शाई होती : अमुक दिवशीं, वसई तालुक्यांतील अमुक चर्चांत, अमुकाशीं विवाह.

ही समासांतील ओळ कोठून आली तें सांगतों, कारण तिचा उपयोग तुम्हां सर्वांना होणारा आहे. पोपमहाराजांच्या १९०७ च्या आज्ञेनें, जी १९०८ च्या ईस्टरपासून अमलांत आली, असा नियम झाला कीं विवाह कोठेंही होवो, त्याची खबर वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामांत कळवावी व तेथें बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं ती लिहावी. त्यामुळें १९०८ नंतर परगांवीं दिलेली मुलगी माहेरच्या वहींतून नाहींशी होत नाहीं. त्याआधींच्या मुली मात्र वही मिटतांच दृष्टीआड होतात.

चर्चच्या वहीनें मुलगी व मुलगा यांस सारखीच जागा दिली, एकेक परिच्छेद. जमिनीच्या वहीनें दिली नाहीं. कायदा तर तसा नव्हता. ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १८६५ चा वारसा कायदा, व त्याच्या जागीं आलेला १९२५ चा, हे दोन्हीं मुलगे व मुली यांस समान वांटा देतात, व विधवेस तिसरा हिस्सा. मग फेरफारांत दोनच नांवें कां? कोणास वाटेल, तलाठ्यानें खोटें लिहिलें. तलाठ्यानें जें सांगितलें तें लिहिलें. सांगणारे आमचेच लोक होते. लग्न झालें, दागिना दिला, आतां तिचें येथें काय, अशी ती समजूत. आणि ही समजूत एकट्या आमच्या घरची नव्हती, हें आपल्या गांवांतील कोणतेही दहा फेरफार वाचणारास कळेल. कोठें हक्कसोडीचा कागद तरी आहे, कोठें तेवढेंही नाहीं. पुढें ती जमीन कारखान्यांसाठीं गेली, मोबदला आला, त्याचे दोन भाग झाले, व एका भागावर आमचें शिक्षण झालें. हें लिहितांना लाज वाटते, पण महोत्सवाच्या अंकांत फक्त पेढे वांटावे असें थोडेंच आहे?

वसईकडील त्या धर्मग्रामांत लिहून विचारलें. उत्तर आलें, घर सांपडलें. आम्ही दोघे भाऊ गेलों. आत्याआजीच्या नातसुनेनें दार उघडलें. आम्हीं कोण तें सांगितलें, व ज्या कामासाठीं आलों तेंही सांगितलें, कारण तें न सांगतां चहा घेणें आमच्यानें झालें नसतें. ती बाई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "सासूबाई सांगत, आईंच्या माहेरीं कोणी उरलें नाहीं. म्हणून कोणी कधीं येत नाहीं." माहेरचे लोक त्यांच्या लेखीं मेले होते. आणि आमच्या लेखीं आत्याआजी कधीं जन्मलीच नव्हती. जमिनीविषयीं पुढें काय करावयाचें तें दोन्हीं घरांनीं बसून ठरविलें आहे. तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

ज्यांस आपलें कूळ शोधावयाचें आहे त्यांनीं कार्यालयांत येऊन वहीची मागणी करण्याआधीं घरांतील वृद्धांपाशीं बसावें, व त्यांनीं प्रार्थनेंत घेतलेलें प्रत्येक नांव, अर्थ न लागला तरी, लिहून घ्यावें. मुलींचीं नांवें आधीं विचारावीं. मुलांचीं आपोआप सांगितलीं जातात. वह्यांतील हयात माणसांच्या नोंदी इतरांस दाखवीत नाहींत, हें योग्यच आहे, त्याबद्दल धर्मगुरूंशीं वाद घालूं नये. जे कुटुंबीय मंगळूर, गोवा, तामिळनाड येथून या नाक्यावर आले त्यांनाही हीच वाट आहे. त्यांचें बेथलेहेम दूर आहे इतकेंच.

निघतांना त्या नातसुनेनें आंतून पत्र्याची एक पेटी आणली. आत्याआजीनें माहेराहून आणलेल्या वस्तूंपैकीं तेवढीच उरली होती. तींत जपमाळ होती, तुटलेली. आणि घडी घालून घालून चिरलेली एक पावती. मोडींत लिहिलेली, पणजोबांच्या नांवाची, मोहिलीच्या एका भातखाचराच्या खंडाची, एका सालची. पावतीवर आमच्या कोणत्याही उताऱ्यांत किंवा वहींत नसलेली एक गोष्ट होती, त्या शेताचें नांव. चिंचवली. आम्ही तें प्रथमच वाचलें. नातसुनेनें विचारलें, "हें कोठें आलें?" आम्हांस सांगतां आलें नाहीं, तेथें आतां काय आहे तें पाहून तिला कळवूं, असें सांगून आम्ही गाडी पकडली.